राखणीचा डबा आणि इतर बोलणे

नगर,
४ फेब्रुवारी, बुधवार

आदरणीय मामी,

सविनय जय भीम. मी खुशाल आहे. तुमच्या प्रकृतीविषयी कळवावे, असे लिहिण्याची पद्धत आहे. पण तुम्ही कळवणार नाही, म्हणून तुमच्या लेकीकडून, भारतीकडूनच विचारून घेतले. गुडघा सकाळी दुखतो, उन्हात बसले की थांबतो आणि माझे नाव निघाले की पुन्हा दुखू लागतो, असे ती म्हणाली. तिच्याकडे भंडारदऱ्याला थंडी फार. गुडघ्याला गरम फडके बांधावे आणि माझे नाव कमी काढावे. कचरूमामा बरे आहेत. रविवारी त्यांनी मला भाकरी करून घातली. ती एका बाजूने भाजलेली होती. दुसऱ्या बाजूविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, ती भागिरथी आल्यावर.

फोन सोडून पत्र का, ते सांगतो. मी तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा पलीकडे फक्त श्वास ऐकू आला. मग भारतीने खुलासा केला की मी आवाज भरून घेईन म्हणून तुम्ही फोन कानाला लावता, पण तोंड मिटून बसता. तुमची भीती रास्त आहे. कागदात आवाज भरता येत नाही, म्हणून कागद. (भारती, पत्र तूच वाचून दाखवणार. कंसातला मजकूर मनात वाच. कंसात मी बहुतेक खरे लिहितो.)

झाले ते पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला त्यातले अर्धे ठाऊक आहे आणि तेवढ्यावर तुम्ही पहाटेची एसटी धरलीत. उरलेले अर्धे ऐकून निदान परतीच्या गाडीची वेळ विचारावी, एवढीच अपेक्षा.

आमचे प्राचार्य जूनमध्ये पुण्याला एका बैठकीला गेले आणि आल्यावर त्यांनी कॉलेजात इनोव्हेशन सेल काढला. जिन्याखाली व्हॉलीबॉलच्या जाळ्या ठेवत, ती खोली. संशोधन कपाटात पडून राहता कामा नये, ते बाजारात गेले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. प्रत्येक विभागाने आपल्या संशोधनातून एक तरी वस्तू काढायची होती. रसायनशास्त्राने फरशी पुसायचे औषध काढले. वनस्पतिशास्त्राने शेवग्याच्या पाल्याची पावडर काढली आणि आम्ही सगळ्यांनी ती एकेकदा विकत घेतली. मराठीची पाळी आली तेव्हा विभागातले बाकीचे दोघे खिडकीबाहेर पाहू लागले. मी म्हणालो, माझा प्रबंध आहे. ‘नेवासे तालुक्यातील राखणीच्या आरोळ्या : ध्वनी आणि लय.’ पाने तीनशे बारा. प्राचार्यांनी तो हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतला आणि विचारले, याने पाखरे उडतात का? पदवी मिळाल्यापासून प्रबंधाविषयी मला कोणी विचारलेला हा पहिला प्रश्न. (तोंडी परीक्षेत परीक्षकांनी फक्त बाइंडिंग कुठे केले ते विचारले होते.) मला गहिवरून आले आणि मी हो म्हणालो.

तुम्हाला ते दिवस आठवत असतील. सोळा वर्षांपूर्वी जानेवारीत मी शेतातल्या तुमच्या राखणीच्या माळ्याखाली रेकॉर्डर घेऊन, कानांना हेडफोन लावून आठ दिवस बसलो होतो. तुम्ही वर उभ्या राहून गोफण फिरवायच्या, पाखरे हाकायच्या आणि मधूनमधून मला खाली भुईमुगाच्या शेंगा टाकायच्या. त्या आठ दिवसांवर मला पीएच.डी. मिळाली. (नोकरीही. शेंगांचा उल्लेख ऋणनिर्देशात राहून गेला. मामींचाही शेवटून दुसऱ्या ओळीत आहे, टंकलेखकाच्या नंतर.)

डबा बनवला तो पदार्थविज्ञानाच्या सुनील सरांनी. फवारणी पंपाची जुनी टाकी, प्रचाराच्या रिक्षावर असतो तसला भोंगा, वर सोलर प्लेट, आत मेमरी कार्ड. माणूस माळ्यावर नको; डब्याने ओरडायचे आणि पाखरांनी उडायचे. एमआयडीसीत पंप बनवणारे अमजदभाई हे डबे काढायला तयार झाले. मी त्यांना प्रबंध दिला. त्यांनी तो उघडला नाही. ‘सर, किताब राहू द्या. पाखरू उडतं का, आन् दुसऱ्या दिवशी परत येतं का, एवढंच सांगा.’ इतके नेमके मला माझ्या मार्गदर्शकांनीही कधी सांगितले नव्हते. एकवीस दिवस पाखरू बसले नाही तर कारखान्यात डबा सुरू, असे ठरले.

चाचणीसाठी तुमच्या दीड एकरापेक्षा चांगली जागा नव्हती. सोनईच्या त्या अंगाला आता सगळा ऊस. ज्वारी तुमची तेवढी. त्यामुळे पाच-सहा गावांतल्या भोरड्या आणि चिमण्या सकाळी सरळ तुमच्याकडेच येतात, सरकारी दवाखान्यात यावे तशा. तुमचा गुडघा गेल्यापासून माळ्यावर कोणी चढत नव्हते. पहिल्या दिवशी तुम्हीही बांधावर आलात, भोंग्यातून आपला सोळा वर्षांपूर्वीचा आवाज ऐकलात आणि पदराआड हसून म्हणालात, ‘आगं बया, मी येवढी वरडती व्हय?’ ती मी संमती समजलो. (कायद्यात तिला संमती म्हणत नाहीत, हे नंतर कळले.)

सुरुवातीला डब्यात फक्त आरोळ्या होत्या. हाऽऽ हुर्रऽऽ, आणि तिचे प्रकार, जे मी दुसऱ्या प्रकरणात नऊ सांगितले आहेत. सगळ्या मिळून अकरा मिनिटे भरल्या. संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. पहिले तीन दिवस शिवारात पाखरू नाही. प्राचार्यांनी वर्तमानपत्राला कळवले. चौथ्या दिवशी भोरड्या पलीकडच्या लिंबावर बसून ऐकू लागल्या. पाचव्या दिवशी त्या आरोळीला उडायच्या आणि पुढची आरोळी केव्हा येणार ते ठाऊक असल्यासारख्या मधल्या वेळात उतरून कणसे खायच्या. सहाव्या दिवशी एक भोरडी भोंग्यावरच बसलेली सापडली. सुनील सर म्हणाले, पाखरांचे पाठांतर झाले. ध्वनी लांब पाहिजे, अनियमित पाहिजे. तुमच्याकडे आणखी आहे का?

आणखी सहा तास होते. प्रबंधात मी त्यांचा वापर केला नव्हता. आरोळी हा माझा विषय. दोन आरोळ्यांच्या मध्ये तुम्ही जे बोलत होता त्याला मी प्रत्येक ठिकाणी कंस करून ‘(इतर संभाषण)’ असे लिहिले आहे. असे चारशे सतरा कंस आहेत. शिवाय तुमच्या प्रत्येक बोलण्यानंतर चार-पाच सेकंदांची शांतता आहे. तिच्यावर पूर्ण चौथे प्रकरण आहे. श्वास, विराम आणि लय यांच्या नात्याविषयी एकोणचाळीस पाने. सगळ्यांत जास्त कौतुक त्याचे झाले. असो. सुनील सरांनी विचारले, सगळेच्या सगळे घालू? मी म्हणालो, घाला. पुन्हा ऐकून पाहिले नाही. तो आवाज मी चार वर्षे ऐकला होता. त्यात काय आहे ते मला पाठ आहे असे वाटले. मला फक्त आरोळ्या पाठ होत्या.

सात जानेवारीला डबा पुन्हा सुरू झाला आणि पाखरे गेली. दुसऱ्या दिवशी आली नाहीत. आठवडा झाला तरी आली नाहीत. पाखरे गेली आणि माणसे आली. डबा हाऽऽ हुर्रऽऽ म्हणे, मग थांबे, मग तुमच्या त्या वेळच्या खणखणीत आवाजात विचारे, ‘राहे, तुजी म्हैस दूध देती का पाट सोडती ग?’ मग चार-पाच सेकंद शांतता. मग तुम्ही हसायच्या. मग पुन्हा हाऽऽ हुर्रऽऽ. दुपारी जेवणाच्या वेळेला मामांची पाळी येई. ‘आमचं हे माळ्यावर चढलं की पाखरांला बरं वाटतं. घोरणं ऐकत झोपत्यात बिचारी.’ शांतता. हसणे. मामा खाली बांधावर बसून हे ऐकत. ते म्हणाले, खरं हाय, त्यात वंगाळ काय हाय. दहाव्या दिवशी प्राचार्य सेलच्या कमिटीच्या दोन सदस्यांना घेऊन आले. मी वहीतले आकडे दाखवत होतो. डबा म्हणाला, ‘हा महेंद्र बघ की. येवढी बुकं शिकला आन् पाखरं हाकाया आला. ह्याला पोरगी कोन देईल?’ सदस्यांनी ते लिहून घेतले. (पोरगी दिली. सासऱ्यांनी प्रबंध मागितला नव्हता.)

मामांचे आणि माझे ठीक होते. वारा असला की डबा दूध डेअरीपर्यंत ऐकू जाई, आणि त्या आठवड्यात वारा होता. शेजारच्या रानाच्या राहीबाईंचे दूध तालुक्यात कोणाला नाही एवढ्या फॅटचे लागते. पण त्यांची किटली दिसली की पोरे म्हणू लागली, पाट सुटला, म्हणजे दुधात पाणी. मग मोठी माणसेही. अठरा तारखेच्या संध्याकाळी राहीबाई डेअरीवरून येताना तुमच्या दारावरून गेल्या आणि बोलल्या नाहीत. मामा म्हणतात, चाळीस वर्षांत असे पहिल्यांदा झाले. तुम्ही चूल विझवलीत. दुसऱ्या दिवशी एसटीत पाय ठेवताना मला म्हणालात, ‘ती येवढं बोलती, पर काल गप गेली. मी तिला मारलं आसतं तरी गप गेली नसती. माझा आवाज माझ्या घशात आनून घाल, मग मी येती.’

तेव्हाच मी डबा बंद करायला हवा होता. नऊ दिवस राहिले होते. तुम्ही गेल्यावर मी शेतात गेलो, बटनावर बोट ठेवले आणि वहीत पाहिले. बारा दिवस, शून्य पाखरे. मी बोट काढून घेतले. याला माझ्याकडे कारण नाही. (कंसातही नाही.)

तेवढ्यात दुसरा आवाज घालून पाहू, म्हणजे तुमचा काढता येईल, असाही प्रयत्न केला. शेजारच्या एका मोकळ्या झालेल्या रानात दुसरा डबा लावून खाली धान्य टाकले. आमच्या नाट्यविभागाच्या बाईंनी फार सुंदर आरोळ्या दिल्या. चिमण्या तिसऱ्या दिवशी उतरल्या. मी स्वतः आवाज दिला. त्या पहिल्याच दिवशी उतरल्या. सुनील सरांनी तुमचेच शब्द कापून उलटसुलट जोडले. दोन दिवस निभावले. फक्त तुमचे ते मूळ भांडण सुरू असले की पाखरू येत नव्हते. सुनील सर याला ध्वनीची अनियमितता म्हणतात. मला वाटते, खाली कोणीतरी खरोखर आहे की नाही, हे पाखरांना कळते. हे मला कुठे छापता येणार नाही.

सत्तावीस तारखेला एकवीस दिवस पूर्ण झाले. प्राचार्यांनी पेढे वाटले. अमजदभाईंनी स्वतः येऊन कणसे हातात धरून पाहिली आणि म्हणाले, ‘सर, तुमची किताब चालली.’ मामी, हे वाक्य ऐकायला मी सोळा वर्षे थांबलो होतो. ते ऐकताना मी तुमच्या बंद दाराकडे तोंड करून उभा होतो, हा जागेचा दोष.

तर हकीकत अशी आहे. ज्वारी दाण्यात आहे. मामा भाकरी अर्धी भाजतात. तुम्ही राहीबाईंना तोंड दाखवणार नाही असे भारतीला म्हणालात, आणि राहीबाईंना काय वाटते ते कोणी विचारलेले नाही. संशोधकानेही नाही. तिकडची शेकोटी चांगली असेल, पण तिच्याभोवती तुम्ही कोणाला बोलणार? सगळी भारतीच्या दवाखान्यातली सभ्य माणसे.

प्रकृतीस जपावे. भारतीला आशीर्वाद सांगण्याइतका मी मोठा नाही. तिने मोठ्या आवाजात वाचल्याबद्दल आभार.

तुमचा,
ज्याला शेंगा टाकल्या होत्या तो,
महेंद्र

ता. क. : सोबत एक संमतीपत्र आहे. आपला आवाज कारखान्याला वापरू देत आहे, असा त्याचा अर्थ. अमजदभाई म्हणतात, कागदाशिवाय एकही डबा नाही. विक्रीत तुमचा वाटा त्यांनी आपण होऊन लिहिला आहे. खुणेच्या जागी सही करावी. त्यांना तुमचे आणखी आठ तास बोलणेही हवे आहे. विषयाचे बंधन नाही.

आणखी ता. क. : इथवरचे पत्र, वरच्या ता. क.सह, मी शनिवारीच लिहून ठेवले होते; तारीख तेवढी आजची टाकली. रविवारी डबा काढून आणायला शेतात गेलो. राहीबाई बांधावर बसल्या होत्या. त्यांच्या रानात ऊस आहे, पाखरांशी त्यांचा काही संबंध नाही. मला वाटले, डबा फोडायला आल्या. मी उसाआड थांबलो. (भित्रेपणा. हेही मोठ्याने वाचले तरी चालेल.) डबा म्हणाला, राहे, तुजी म्हैस दूध देती का पाट सोडती ग. राहीबाई उठून उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला आणि भोंग्याकडे तोंड करून म्हणाल्या, ‘तुज्या चहाला येवढंच पुरतं ग! दूध घातलं तर तुजा कचरू इचारील, आज कोन मेलं?’ आणि बरोबर तिथे, जराही मागेपुढे न होता, डबा हसला.

मी उसात खाली बसलो. चार-पाच सेकंद. श्वास, विराम, लय. एकोणचाळीस पाने. माझ्या हेडफोनात फक्त तुमच्या बाजूचा माइक होता. तुम्हाला हे ठाऊक होते, मामी. तुम्ही सांगितले नाही, कारण मी विचारले नाही.

मला पाहिल्यावर राहीबाई म्हणाल्या, ‘मास्तर, तिनं एक म्हनलं की मी दोन म्हनले हुते. माझं कुटं हाय?’ मी म्हणालो, भरले गेले नाही. ‘मंग गावाला वाटतं राही गप बसली! पाट सुटला म्हनत्यात त्याचं काय न्हाई, माझं फॅट त्यांच्या बापाला ठावं हाय. पर मी गप बसले आसं वाटतं, त्याचं काय?’ मी विचारले, मग त्या दिवशी मामींच्या दारावरून न बोलता का गेलात? त्या म्हणाल्या, त्यांना वाटले तुम्हीच त्यांची बाजू काढून टाकायला सांगितलीत. आता दोन आठवडे रोज येऊन त्या सगळी उत्तरे देत आहेत, पण डबा त्याच ठिकाणी हसतो, उत्तर चांगले असो वा वाईट. ‘त्याला कायबी म्हना, तेवढंच हसतो. त्याच्यासंगं काय बोलावं?’ असे म्हणून त्यांनी बटन स्वतःच बंद केले.

अमजदभाईंना मी हे सांगितले. ते म्हणाले, ‘म्हणजे सर, हा जोडीचा माल आहे. एक चप्पल कोण घेतं?’ दोघींचा आवाज घेऊ म्हणाले. मी त्यांना नाही म्हणालो नाही. मी म्हणालो, त्या दोघींना विचारा. ते म्हणाले, तुम्ही विचारा. मी म्हणालो, मी आता काही भरून घेणार नाही. त्यामुळे हे विचारणे नव्हे. संमतीपत्राचा कागद मात्र जाड आणि चांगला आहे. येताना प्रवासात भाकरी बांधायला उपयोगी पडेल.

अगदी शेवटचे : (भारती, हा कंस नाही असे समज आणि धरणापर्यंत ऐकू जाईल असे वाच.) डबा बंद असल्यामुळे रविवारपासून भोरड्या ज्वारीवर आहेत. मामा हाकतात, पण त्या त्यांना ओळखतात. काल मी पुन्हा जाऊन आलो. तुम्हाला माळ्यावर चढता येणार नाही, म्हणून राहीबाईंनी बांधावर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या आणून टाकल्या आहेत. बांधालगतचा आपला ऊस त्यांनी दोन हात पसरतील एवढा तोडून घेतला आहे, पलीकडून येणारे पाखरू दिसावे म्हणून. एका खुर्चीवर त्या बसतात. दुसरीवर काल एक भोरडी येऊन बसली. मी हात उचलला, तर राहीबाई म्हणाल्या, ‘राहू द्या मास्तर. ते भागीचं काम हाय.’